मुदतवाले वकील

आमच्या वकीलसाहेबांना कोर्टात सगळे 'मुदतवाले' म्हणायचे. मागून म्हणायचे, पण त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायचे. दावे जिंकणारे वकील वेगळे, हे तारखा वाढवून घेणारे. नाल्याकाठची आमची चौसष्ट घरं अकरा वर्षं उभी राहिली ती कुठल्या निकालावर नाही, तारखांवर. पालिकेला नाला रुंद करायचा होता. आडवी होती ती कोर्टाची स्थगिती, आणि तीही दर वेळी पुढच्या तारखेपर्यंतच. तारीख आली की साहेब उभे राहायचे, स्थगिती वाढवून घ्यायचे, आणि आम्ही आणखी दोन-तीन महिने पाठ टेकायला मोकळे.

"जिंकायचं कधी ओ साहेब?" मी एकदा वैतागून विचारलं.

"दावा लावला तेव्हा तुझी लेक कितवीत होती?"

"पहिलीत."

"आता?"

"बारावीत."

"एका घरातून, एका शाळेत गेली ना? मग अजून काय जिंकायचंय बाई तुला?"

मी इस्त्रीवाली. शाळा चौथीत सुटली. वाचायला खरी शिकले ती पालिकेच्या नोटिसांवरून. 'अन्यथा' हा शब्द मला 'आई'च्या आधी बिनचूक लिहिता यायला लागला. दाव्यात वादी नंबर एक मीच. राग नाकाच्या शेंड्यावर, हे मी सांगायला नको, पालिकेतल्या कुठल्याही कारकुनाला विचारा.

साहेबांचं ऑफिस म्हणजे घराची बाहेरची खोली. एक टेबल, चार खुर्च्या, त्यातली एक कायम भिंतीला टेकवलेली, कारण तिचा पाय लुळा. मध्ये पडदा, पडद्याआड स्वयंपाकघर. काळा कोट त्या दाराच्या खिळ्याला लटकायचा, त्याला फोडणीचा वास यायचा. साहेबांच्या बायकोची, वहिनींची, बोटं संधिवातानं आखडली होती. म्हणून रोज सकाळी साहेब भाजी चिरायचे, लेकीचा डबा भरायचे, मग वहिनींना खुर्चीत बसवून त्यांची वेणी घालायचे. आठ वाजता अशील आलं तर त्याला हेच दिसायचं. "बसा," साहेब दातात रिबीन धरून म्हणायचे, "घरचे केस झाले की तुमची केस घेतो." लोक हसायचे. त्यांना चालायचं.

वहिनींच्या हातात सुई ठरत नव्हती, पण रविवारी त्या वस्तीत येऊन पोरींना शिवण शिकवायच्या. नुसत्या तोंडानं. "हात तुमचे, जीभ माझी," म्हणायच्या. अकरा पोरी त्यांच्या जिभेवर शिवण शिकल्या, पोटाला लागल्या.

आता सहीची गोष्ट. दाव्याच्या दुसऱ्या वर्षी एक गोडबोल्या माणूस वस्तीत आला. सर्वेक्षण आहे, हजेरीची सही द्या, म्हणाला. तेव्हा आम्ही सदुसष्ट घरं होतो, तीन घरांनी दिली. ती घर सोडायची संमती निघाली. तिघांचा संसार आठ दिवसांत रस्त्यावर. साहेब त्या दिवशी पहिल्यांदा आमच्यावर ओरडले. सगळ्यांना नळापाशी उभं केलं आणि वदवून घेतलं: "मी नाही, तर सही नाही." कोण का सांगेना, कुठला का कागद असेना. पुढं ते आमच्या हाडात मुरलं. टपाल घेऊन आलेल्या पोस्टमनलासुद्धा म्हाताऱ्या म्हणायच्या, "वकिलाला विचारून सांगते."

तसा हा शहाणपणाचा नियम. त्यानंच आमचा घात केला.

अकराव्या वर्षी वहिनींच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं ते नेमकं आमच्या तारखेच्या दिवशी. साहेबांनी आदल्या दिवशी दोन वकिलांना विचारलं, माझ्या जागी उभे राहाल का. एक गावाला निघाला होता, दुसरा म्हणाला, "मुदत तर मागायचीय, कुणालाही पाठव." सकाळी मी दवाखान्यात पोचले. साहेब बाकावर बसून मांडीवर कागद ठेवून मुदतीचा अर्ज लिहीत होते. शेवटच्या ओळीवर होते तोच वहिनींची गाडी ढकलत आणली. वहिनींनी त्यांचा हात धरला. साहेबांनी कागद माझ्या हातात कोंबला.

"पुकारा झाला की दे. बोलायचं काही नाही. नुसता दे. भांडू नकोस गं बाई, एवढं एक कर."

"नाही भांडत."

साडेबाराला पुकारा झाला. मी पुढं जाऊन अर्ज दिला. कारकुनानं वरून खाली पाहिला, उलटा केला.

"वकिलाची सही कुठाय?"

मी वाकून पाहिलं. खाली कोरं होतं. गडबडीत साहेब सहीच विसरले होते.

"तुम्ही वादी ना? मग तुम्ही करा सही. चालतंय. इथं करा." कारकून बरा माणूस होता, हे आता कळतं. तेव्हा मला त्याचं बोट दिसलं, कागदावर टेकलेलं. 'इथं करा.' त्या गोडबोल्यानंही असंच बोट टेकवलं होतं.

"आमचे वकील नसताना आम्ही सही करत नाही."

"अहो बाई, तुमच्याच वकिलाचा अर्ज आहे."

"असू दे."

वरून न्यायाधीश म्हणाले, "वकील कुठे आहेत?"

"दवाखान्यात."

"अर्जात तेच लिहिलंय. सही करा, मी तारीख देतो."

त्या क्षणी मी वाकले असते. पण पालिकेचा वकील पुढं झाला, गालातल्या गालात हसला आणि खिशातलं पेन काढून माझ्यासमोर धरलं. "घ्या ताई, माझं घ्या. तुमच्या घरांसाठी एवढं तरी करू द्या." झालं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्याला माझं घर पाडायचंय तो मला पेन देतोय! मी ते पेन हाणलं भिंतीवर, आणि त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. भर कोर्टात. अर्ज मी ओढून घेतला, तोवर शिपायानं दंडाला धरून बाहेर काढलं. मी मान ताठ करून चालत गेले. वाटलं, आज वस्ती वाचवली.

आत त्यांनी लिहिलं: वादी व वकील गैरहजर, दावा काढून टाकला. स्थगिती तिथंच संपली.

साहेबांना संध्याकाळी कळलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी दावा परत लावायचा अर्ज टाकला, पण तो ऐकायला येईपर्यंत दुपार झाली आणि मशीन सकाळी सातलाच आलं होतं. चौसष्ट घरं पडायला पाच तास लागले. माझी इस्त्री मी उचलली, टेबल राहिलं.

दुपारी साहेब ढिगाऱ्यापाशी आले. मी त्यांना बाजूला घेऊन तो बिनसहीचा कागद दाखवला. सगळं सांगितलं, पेनासकट. त्यांनी कागद हातात घेतला.

"तुला सही कर म्हणाले?"

"हो."

"आणि तू नाही केलीस."

"तुम्हीच सांगितलं होतं."

"मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. कागद घडी करून खिशात घातला. मग आवाज एकदम कोर्टातला झाला. "ऐक. उद्यापासून ह्या लोकांना बदली घरांसाठी लढायचंय. पुढं चालणारी बाई पडली तर सगळे पांगतील. वकील दुसरा मिळतो. तू तोंड उघडायचं नाहीस."

आणि ते लोकांसमोर जाऊन म्हणाले, "तारीख माझ्या लक्षातून गेली. घरात आजारपण होतं."

एका बाप्यानं त्यांची कॉलर धरली. विटेचा तुकडा आला, खांद्याला लागला. भंगारवाली म्हातारी, जिच्या पेन्शनसाठी हा माणूस तीन वर्षं खेटे घालत होता, ती म्हणाली, "तुझी बायको जगली रे मुडद्या, आमची घरं मेली."

मी दहा पावलांवर होते. उचलली जीभ लावली टाळ्याला अशी माझी ख्याती, पण त्या दिवशी मी तोंडात मिठाची गुळणी धरली. साहेबांनी सांगितलं म्हणून धरली, असं मी स्वतःला बजावत आले. खरं ते एवढंच नाही. मला बरं वाटलं होतं. वीट मला लागली नाही म्हणून बरं वाटलं होतं.

वस्तीनं वकील बदलला. नवा वकील तरतरीत होता, पण कामाचा कच्चा. कागद साहेबच लिहायचे. मी ते संध्याकाळी कोर्टाच्या फाटकापाशी घ्यायची, इस्त्रीच्या कपड्यांच्या गठ्ठ्यातून न्यायची, नवा वकील टाइप करून आणायचा. आठ वर्षांनी गावाबाहेर बदली घरं मिळाली. चाव्या वाटायच्या दिवशी मंडप, खुर्च्या, नव्या वकिलाचा सत्कार. मी माइकवर बोलले, चांगली वीस मिनिटं. टाळ्या पडल्या. वकीलसाहेबांना कुणी बोलावलं नव्हतं. यादी मीच केली होती. त्या दिवशी खरं बोलले असते तर काय बिघडलं असतं? घरं मिळाली होती, पांगायला कुणी उरलं नव्हतं. पण टाळ्यांची चव लागली की माणूस तोंड दुसऱ्या कशासाठी उघडत नाही.

पुढच्या वर्षी साहेब गेले. कोर्टाच्या बाकावर, कुणा विधवेच्या पुकाऱ्याची वाट बघत, मांडीवर फाइल. शिपायाला वाटलं डुलकी लागली. मातीला आमच्या चौसष्ट घरांतून तीन माणसं आली, त्यात मी एक.

आठवड्यानं त्यांची लेक दोन पिशव्या भरून आमच्या जुन्या फायली घेऊन आली. "आई म्हणाली, ज्यांच्या त्यांना देऊन टाक. घरात नको."

"वहिनी कशा आहेत?"

"जिवंत आहे एवढंच. मनानं आई नऊ वर्षांपूर्वीच संपली, मावशी. तुमच्या वस्तीत यायचं का सोडलं तिनं, माहितीय? माझ्यामुळे त्यांची घरं गेली म्हणते. माझा हात सोडवून हे गेले असते तर चौसष्ट चुली राहिल्या असत्या म्हणते. तिनं बाबांना कितीदा विचारलं, त्या दिवशी नेमकं काय झालं. बाबा एवढंच म्हणायचे, अशिलाची गोष्ट घरात बोलत नसतात."

मला वाटत होतं, निदान पडद्याआड तरी खरं माहीत असेल. रोज जिची वेणी घातली, तिलाही ह्या माणसानं माझी गोष्ट सांगितली नव्हती. बायकोपेक्षा मी अशील म्हणून मोठी ठरले. ह्याला काय म्हणायचं, मला अजून कळत नाही. चांगुलपणा म्हणावा तर वहिनींचा चेहरा आठवतो.

मी त्याच दुपारी गेले. वहिनी वेणीच्या त्या खुर्चीत बसल्या होत्या, केस कापून बारीक केलेले. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "पुकारा किती वाजता झाला?"

"साडेबाराला."

"मला अकराला आत नेलं. मग दीड तास ते मोकळेच होते, तरी माझ्यासाठी बाहेर बसून राहिले." मग म्हणाल्या, "म्हणजे तू सही केली असतीस तर त्यांनी तिथं बसून राहणं चूक नव्हतं."

"नव्हतं, वहिनी."

"हे ते जिवंत असताना तुला सांगता आलं नाही?"

मी डोळ्याला पदर लावला.

"इथं रडू नकोस. ह्या बोटांनी मला पाण्याचा पेला देता येत नाही. जा, ज्यांनी त्यांना वीट मारली, त्यांना जाऊन सांग."

रविवारी मी बदली घरांच्या जिन्याखाली, पाण्याच्या पंपापाशी लोकांना बोलावलं. चाळीस घरांतली माणसं आली. मी सांगितलं. कुणी म्हणालं, "झालं गेलं, आता कशाला उकरतेस." कुणी शिव्या दिल्या, त्या मी घेतल्या. भंगारवाली म्हातारी आता फार थकलीय, तिला दोनदा सांगावं लागलं. कळलं तेव्हा ती खाली बसली आणि म्हणाली, "म्हणजे मी त्याला उगीच बोलले. आता कुठं जाऊ गं फेडायला?"

वस्तीच्या समितीतून मला काढलं, ते बरोबरच केलं. तिथं नसलेल्या चोवीस घरांसाठी मी हे लिहिलंय. छापून आलं की दारोदार वाटणार आहे. म्हातारीला मी काल रिक्षात घालून वहिनींकडं नेलं. वहिनींनी दार उघडलं नाही. आम्ही अर्धा तास पायरीवर बसलो आणि परत आलो.