दुसऱ्यांदा लावलेला कौल

आपल्याला जी भीती वाटते ती खरी की आपणच घाबरट, हे ज्याला कळत नाही त्याची झोप उडते. गेल्या हिवाळ्यात माझं तसंच झालं होतं. मी वाळूजजवळच्या बजाजनगरात राहतो, शाळेची व्हॅन चालवतो. गाव माझं देगलूरकडं, इथून लई लांब. आमचं घर मेंढरांचं. सातवीत शाळा सुटली, काही वर्षं मेंढरांमागं फिरलो, मग वाळूजला कंपनीत हेल्पर म्हणून लागलो आणि शेवटी ही जुनी व्हॅन घेतली. दुपारच्या शाळेची लहान लहान लेकरं मी नेतो-आणतो. त्यांच्या आया दारात उभ्या राहून हात हलवतात तेव्हा मला दरवेळी वाटतं, ह्यांनी केवढा विश्वास टाकलाय माझ्यासारख्या माणसावर.

त्या दिवसांत गाडीच्या स्टेअरिंगमधून एक आवाज यायला लागला. खड्ड्यातून जाताना हाताला ‘टक’ असं लागायचं. वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ व्हायला पाहिजे, ते व्हायचं नाही, मलाच ओढून आणावं लागायचं. माझी गाडी नेहमी अन्वरभाईंकडं असते. वाळूजच्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज आहे, माणूस दिलाचा साफ. त्यांनी जॅक लावून दोन्ही चाकं हलवून बघितली, एका बाजूचा जॉइंट बदलून दिला. आवाज राहिलाच. मी परत गेलो. त्यांनी चाकांची अलाइनमेंट करून घ्यायला लावली. तरी राहिलाच. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, “भाऊ, गाडी ठीक है. वहम तुमच्या डोक्यात है. डोक्याचा जॉइंट मेरे पास नहीं मिलता.” सगळे हसले, मीही हसलो. पण येताना पुन्हा हाताला ‘टक’ लागलं.

माझा स्वभाव पहिल्यापासून भित्रा. गॅस बंद केला का म्हणून मी अर्ध्या रस्त्यातून माघारी येतो. बायको म्हणते, तुमच्या भीतीला आपण घरभाडं लावू. त्यामुळं माझं मलाच वाटू लागलं की गाडीत काही नाही, माझ्यातच काही बिघडलंय. देवाचं नाव घेतलं तरी मन जाग्यावर येईना. खंडोबा आमचं कुलदैवत. लहानपणापासून येळकोट म्हणताना छाती भरून यायची, पण त्या दिवसांत हात जोडले तरी आत कोरडंच वाटायचं. देव ऐकतो का, हाही प्रश्न यायला लागला होता.

आमच्यात देवाला विचारायची एक रीत आहे. देव्हाऱ्यातल्या टाकाला, म्हणजे चांदीच्या छोट्या पत्र्यावरच्या देवाला, दोन्ही अंगांनी ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि मनात प्रश्न धरून बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. याला कौल लावणं म्हणतात. आई सांगायची, कौल एकदाच लावायचा, देव काही दुकानदार नाही. एका सोमवारी सकाळी मी अंघोळ करून बसलो आणि विचारलं, “देवा, आज गाडी काढू ना?” डावी पाकळी पडली. मग मी वर बघितलं तर पंखा चालू होता. म्हटलं, ही वाऱ्यानं पडली. पंखा बंद केला, पाकळ्या पुन्हा लावल्या. खरं सांगायचं तर उजवी जरा कमी ओली करून लावली. ती पडली. मी भंडारा कपाळाला लावला आणि गाडी काढली. होकार मिळाला होता, पण मन काही हलकं झालं नव्हतं.

संक्रांत होऊन गेलेली, अकराच्या सुमाराला ऊन चांगलंच लागत होतं. पहिल्या लेकराच्या घराकडं निघालो. गाडी रिकामीच होती. वसाहतीच्या मागून जो मोकळ्या माळाचा रस्ता आहे, तिथं मेंढरांचा कळप आडवा आला. दिवाळीनंतर हे लोक चाऱ्यासाठी फिरतात, मला नवल नव्हतं. मी थांबलो. कळप पुढं सरला आणि मागं राहिली एक म्हातारी बाई, तिच्यासोबत मागं पडणारी दोन-चार कोकरं. मी गाडी पुढं घेणार तेवढ्यात तिनं काठी बोनेटवर आपटली.

“थांब रं! पिलू शिरलं की खाली!”

एक काळं कोकरू गाडीखाली जाऊन बसलं होतं. ती हाका मारू लागली, माझी आजी काढायची तसाच जीभ टाळूला लावून आवाज काढू लागली. कोकरू हलेना. मी खाली उतरलो, तसाच आवाज काढून बघितला आणि विचारलं, “मावशी, मी ओढू का?”

“ओढ, पर पायाला नको, मानेला धर. मेंढरं राखल्यावानी हाक मारतोस, कुठला तू?”

“देगलूरकडचा. आमच्या घरीबी मेंढरंच.”

“मग आपलाच की! मेंढरं सोडून ह्या डब्यात बसलास व्हय? हा डबा दूध देतो का?”

मी हसत हसत रस्त्यावर उताणा झालो आणि गाडीखाली सरकलो. कोकराला धरलं, बाहेर ढकललं. आणि निघताना नजर वर गेली. स्टेअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक आडवी लोखंडी पेटी असते, तिला रॅक म्हणतात. स्टेअरिंग फिरवलं की तीच चाकांना डावीकडं उजवीकडं ढकलते. तिच्या टोकाचं रबर फाटलं होतं आणि आतून गंजाचा लाल चिखल ओघळून सुकला होता. एवढं बघितल्यावर मला राहवेना. मी खालूनच म्हणालो, “मावशी, एक काम करता का? वर बसून ते गोल चाक जरा फिरवा.”

“मी? अगं बाई! आन् गाडी पळाली तर?”

“नाय पळत. इंजिन बंद हाय, ब्रेक ओढलाय.”

ती चढली. दार आपटल्याचा आवाज आला. “कुठं धरू? शिंगावानी?” तिनं विचारलं. मी म्हटलं, शिंगासारखंच धरा. स्टेअरिंगचं लॉक सुटावं म्हणून चावी थोडी फिरवायला सांगितली. तिच्या हातात अजून ताकद होती. तिनं हिसका दिला आणि मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. रॅक गाडीला घट्ट आवळलेली पाहिजे. इथं आधी अख्खी पेटीच जागची सरकत होती आणि मग कुठं चाक वळत होतं. तिला धरणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी एक चिरली होती, दुसरी तेवढी उरली होती; तीही तुटली असती तर स्टेअरिंग फिरवून चाकं वळलीच नसती. पुढं मोठ्या रस्त्याचं वळण होतं, कंपन्यांचे ट्रक जिथून येतात तिथलं. रोज मी ते वळण भरल्या गाडीनं घेत होतो. मी तसाच धुळीत पडून राहिलो.

“अरं मेलास का काय खाली?” मावशी वरून म्हणाली.

गाडी तिथून हलवली नाही. ओळखीच्या एका व्हॅनवाल्याला फोन करून लेकरं न्यायला सांगितली, एकेका आईला कळवलं. एकजण चिडूनच म्हणाली, “दादा, सकाळीच सांगायचं ना!” तिचंही बरोबर होतं. अन्वरभाई स्वतः मोटरसायकलवर आले, खाली शिरले आणि पट्टीची चीर बोटानं चाचपून बघितली. मग कानाला हात लावून म्हणाले, “भाऊ, माफ करना. मी दरवेळी जॅकवर बघितलं. चाकं लटकत होती, वजन नव्हतं, म्हणून पेटी सरकताना दिसली नाही. जमिनीवर उभी ठेवून बघायला पाहिजे होती.” गाडी ओढून नेली. रॅक पूर्ण बदलावी लागली, दोन्ही पट्ट्या नव्या टाकल्या. नवी रॅक बसवताना मी तिथंच बसून होतो, आणि या वेळी प्रत्येक नट आवळल्यावर त्यांनी मला हात लावून बघायला लावलं. कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मावशीला शोधत गेलो. मला वाटलं होतं, ती भेटणारच नाही. अशा गोष्टींत माणूस नंतर दिसत नाही असं ऐकलेलं. पण ती भेटली, त्याच माळाच्या पलीकडं, चुलीवर भाकरी टाकत होती. मी पाया पडलो, म्हणालो, देवानंच तुम्हाला पाठवलं. तिनं भाकरी उलटली. “मला कुणी धाडलं नाय बाबा. मेंढरं जिकडं जातील तिकडं मी. आन् पिलाला सावली पाहिजे हुती, तुझा डबा उभा हुता.” मग दुसरी भाकरी टाकत म्हणाली, “तुला दिसलं ना? मग झालं. बस, भाकर खा.” मी बसलो, खाल्ली. तेवढी गोड भाकरी मी घर सोडल्यापासून खाल्ली नव्हती.

तिला देवानं पाठवलं की नाही, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मला एवढंच कळतं की देवानं सकाळी डावी पाकळी पाडून सरळ सांगितलं होतं आणि मी त्याच्याशी लबाडी केली. तरी तो रुसला नाही. गाडीतून आवाज देऊनही मी ऐकलं नाही, कौल देऊनही ऐकलं नाही, तेव्हा त्यानं मला जमिनीवर उताणं पाडून दाखवलं. मी शरण जाणं म्हणजे भीती गिळणं समजत होतो. आता वाटतं, ती भीतीही त्याचीच होती, मी तिला वहम म्हणून हाकलत होतो.

कौल लावणं मी सोडलं. आता रोज गाडी काढायच्या आधी पोतं अंथरून खाली शिरतो, हातानं चाचपून बघतो. शेजारी थट्टा करतात, करू देत. मग उठून कपडे झटकतो, हात जोडतो. विचारत काहीच नाही. फक्त सांगतो, “मला दिसतं तेवढं मी बघितलं देवा. जे दिसत नाही ते तू बघ.” आणि लेकरांना आणायला निघतो.