जास्तीची भाकर

दिगंबर मास्तर गेल्याचं मला वारंगा फाट्यावर कळलं. डोंगरकडा गावचा एकजण चहा पिता पिता म्हणाला, "तुमचे मास्तर गेले म्हणं परवा." त्याला महिना उलटला. पण दारात पायताण वाजलं की अजून मी आधी दाराच्या फटीतून बघतो, आणि त्यामागोमाग मास्तर आठवतात.

आमच्या गावच्या मारुतीच्या देवळात ते शाळा चालवत. पोरांना गाईवर निबंध लिहू देत नसत. म्हणायचे, सगळ्यांची गाय सारखीच शेपूट हलवती. मग एकेकाला जवळ बसवून विचारायचे, "घरी असं काय होऊन राहिलंय, जे तुला समजत न्हाई? तेच लिही. पर खोटं एक अक्षर चालायचं न्हाई." पोरं पाटीवर लिहायची आणि उभं राहून मोठ्यानं वाचायची. एरवी या रीतीचं गावाला कौतुक होतं. पण सत्तेचाळीसात तिरंगा चढवला म्हणून निजाम सरकारचं वॉरंट माझ्या नावावर निघालं, आणि मी आमच्याच घरच्या माळ्यावर लपलो. धाकट्या बहिणीला, यमूलाही सांगितलं नव्हतं. तिची पाठ फिरली की आई भाकर वर द्यायची.

यमूनं शाळेत नेमकं तेच लिहिलं. खणखणीत आवाजात वाचू लागली, "आई रोज एक भाकर जास्तीची करते. म्हणते, कुत्र्याला. पर आमच्या घरी..."

देवळाच्या ओट्याला खाकी डगल्यातला एक माणूस टेकून उभा होता. मास्तरांनी पाटी ओढून घेतली आणि धोतराच्या सोग्यानं पुसली. "कुत्र्याचं नाव काहून लिहिलं न्हाई? उद्या लिहून आण," एवढंच बोलले.

शाळा सुटली तसे ते यमूच्या मागोमाग आमच्या दारात. हातात सुंभ, सुंभाला एक मरतुकडं कुत्रं. "बाई, हे तुमचं कुत्रं. पहिल्यापासूनचं. ध्यानात ऱ्हाईल?" आईनं मान हलवली. पोरीचं लिहिणं खोटं पडू नये म्हणून कुत्रं हुडकत फिरणारा असा येडा मास्तर मी दुसरा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळेला तो खाकीवाला आला. आईनं माझी भाकर कुत्र्यापुढं टाकली. फळ्यांच्या फटीतून मी बघत होतो. कुत्र्यानं तुकडाही ठेवला नाही. त्या माणसानं सावकाश मान वर केली, माळ्याकडे पाहिलं. "कुत्ता बहोत भूका है, बाई. कल से दो डालो." आणि गेला.

त्याला कळलं होतं का? की उद्या चौघांना घेऊन येणार होता? तो परत आला नाही, पण राज्य बदलेपर्यंत आम्ही रोज त्याची वाट पाहिली. पुढं मास्तरांना मी कितीदा विचारलं. त्यांचं एकच उत्तर, "समजत न्हाई ना? मग लिही की."

आता लिहिलंय, तर वाचून दाखवायला मास्तर नाहीत, याचं फार वाईट वाटतं. आमच्या घरी अजून दोन भाकरी जास्तीच्या होतात. मास्तर गेल्याचं कळलं त्या दिवशीही झाल्या. दारातल्या कुत्र्यानं दोन्ही खाल्ल्या, आणि मी सवयीनं वर माळ्याकडे पाहिलं.