चेअरमनच्या पाठीमागची भिंत

आमच्या गावच्या दूध सोसायटीत कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याचा पहिला उपयोग दसऱ्याला झाला. त्याला हळद-कुंकू लागलं, झेंडूचा हार पडला, आणि मग चेअरमनच्या सुनेने विणलेलं क्रोशाचं झाकण त्याच्यावर चढलं ते चढलंच. दुधाची बिलं आधीसारखी हातानेच निघत होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तिथे सकाळ-संध्याकाळ दुधाची फॅट बघायची आणि मधल्या वेळात सोसायटीची पत्रं टाइप करायची. गाव संगमनेरहून एसटीने जाण्यासारखं, जवळच.

आमचं संचालक मंडळ दरवर्षी अभ्यास दौऱ्यावर जायचं आणि अभ्यास सोडून बाकी सगळं करून यायचं. त्या वर्षी मात्र चेअरमननी गुजरातेतल्या एका डेअरीत भिंतीवर अक्षरं उडत येताना पाहिली आणि ते झपाटले.

“आपल्या वार्षिक सभेत बी आसंच पायजे,” ते म्हणाले. “अक्षरं उडली पायजेत.”

“पन उडवनार कोन?” सचिवांनी विचारलं. कॉम्प्युटरला हात लावला की शॉक बसतो, अशी त्यांची पक्की समजूत होती.

“ह्या सूनबाईंची टायपिंगची परीक्षा झालीया की.” मी गावची सून, म्हणून सगळ्या मंडळाची सूनबाई. टाइपरायटर आणि कॉम्प्युटर हे चुलत भाऊ असणार, असा हिशोब करून लोढणं माझ्या गळ्यात पडलं. माझा राग नेहमी नाकावर. पण नोकरी होती, म्हणून क्रोशाचं झाकण काढलं.

शिकवायला आले जनावरांचे डॉक्टर. पुण्याला त्यांच्या भावाकडे कॉम्प्युटर होता, एवढीच त्यांची पात्रता. पण माणसाला शिकवायची भारी हौस. दवाखान्यात गाय नसली की ते सोसायटीत येऊन बसायचे.

“माउस असा आवळू नका ताई. गाईचा सड धरतो तसा धरा, हलक्या हाताने.”

मी हलक्या हाताने धरला. पडद्यावरचा बाण सरळ कोपऱ्यात जाऊन लपला. त्याला बाहेर काढता काढता टेबल संपलं, म्हणून मी माउस टेबलाच्या पुढे हवेत नेला. डॉक्टर म्हणाले, “अहो, उचला आणि परत मधे ठेवा.” हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. मग दोनदा लागोपाठ क्लिक करायचं आलं. “ताई, लागोपाठ म्हणजे लागोपाठ. तुम्ही दोन क्लिकच्या मधे चहा पिऊन येताय.” कॉम्प्युटर अडकून बसला की मी एंटरची कळ बडवत सुटायची. “पान्हा सोडला नाही तर ओढून काय मिळतं? लाथ. थांबा जरा.” आम्ही दोघं हातावर हात ठेवून कॉम्प्युटरने पान्हा सोडायची वाट बघत बसायचो.

स्लाइड उघडली की रिकाम्या चौकटीत इंग्रजीत लिहून यायचं, की शीर्षक द्यायला इथे क्लिक करा. हे भिंतीवर सगळ्या गावाला दिसणार, या भीतीने मी ते खोडायला जायची. खोडलं की पुन्हा हजर. शेवटी डॉक्टर म्हणाले, की ती सूचना फक्त बनवणाऱ्याला दिसते. चौकट रिकामी ठेवली तर सभेला भिंत कोरी दिसेल.

मराठी अक्षरांच्या कळा मात्र टाइपरायटरसारख्याच होत्या. एवढी एक गोष्ट मला येत होती आणि मी तिथे सगळा सूड उगवला. पहिल्याच स्लाइडवर अख्खा वार्षिक अहवाल बसवला. अक्षरं मुंगीएवढी झाली.

“हे वाचायला सभासदांना शिडी लागेल,” डॉक्टर म्हणाले. “एका स्लाइडवर चार ओळी. बाकीचं तोंडाने बोलायचं.”

“तोंडानेच बोलायचं तर स्लाइड कशाला?”

डॉक्टरांकडे याचं उत्तर नव्हतं. पुढच्या आयुष्यात मी बऱ्याच मोठ्या साहेबांच्या स्लाइड पाहिल्या, त्यांच्याकडेही नव्हतं.

मग त्यांनी अक्षरं उडवायची कशी ते दाखवलं, आणि माझं डोकंच फिरलं. अक्षरं डावीकडून आणा, उजवीकडून आणा, गरगर फिरवा, खडखडाट करत एकेक उतरवा. वर आवाज जोडायची सोय. टाळ्यांचा, काच फुटल्याचा, गाडीचे ब्रेक करकचून लागल्याचा. मी एकाही ओळीला सरळ चालत येऊ दिलं नाही.

या सगळ्याचं कौतुक मी घरी आत्यांना सांगायची. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो आणि सासऱ्यांना मामा. गोठा आत्यांचा. पहाटे उठून शेणघाण, वैरण, धार सगळं त्या करायच्या, दूध सोसायटीत घेऊन यायच्या त्याच. सभासद मात्र मामा. एका घरातून एकच सभासद, असा सोसायटीचा नियम, आणि तो एक म्हणजे घरातला बाप्या, हे कुणी न लिहिता ठरलेलं. त्यामुळे दुधाची पावती मामांच्या नावाने, आणि दिवाळीला सोसायटी वर्षभराच्या दुधाच्या दरातला जो फरक बोनससारखा वाटायची तो मामांच्या हातात. मामा वाईट नव्हते. फरक हातात पडला की जत्रेच्या कुस्त्यांना बक्षिसं लावून यायचे, एवढंच.

आत्यांचं म्हणणं साधं होतं. “गाया मला वळखत्यात. सोसायटी का वळखत न्हाई?” त्यांना स्वतःच्या नावाने सभासद व्हायचं होतं. चेअरमनना त्यांनी वरचेवर सांगून पाहिलं होतं. “घेऊ की फुडच्या सभेला,” एवढंच उत्तर यायचं.

स्लाइडचं ऐकून त्या म्हणाल्या, “त्या भिताडावर माझं लिवशील का गं?”

मी चिडले. “आत्या, सभेचे विषय मंडळ ठरवतं. मी नोकर माणूस. उद्या मला काढून टाकलं म्हणजे?”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि वैरण टाकायला गेल्या. त्यांचं ते ‘बरं’ मला फार लागलं. भांडल्या असत्या तर मी जिंकले असते.

दुसऱ्या दिवशी मीच चेअरमनकडे विषय काढला. ते हसले. “बाईचं दूध येगळं आन् बाप्याचं येगळं आसतं व्हय? कशाला घरात दोन चुली मांडताय? ते सोडा, माझा फोटू तेवढा गरगर फिरवत आना.” माझा राग नाकावरून डोक्यात गेला.

सहकारी संस्थेच्या सभेचा अजेंडा कुठलाही घ्या, शेवटची ओळ ठरलेली: अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. त्या ओळीखाली आमच्याकडे कधी कुठला विषय आला नव्हता. त्यानंतर थेट जिलबी यायची. मी त्या ओळीची एक स्लाइड केली आणि खाली लिहिलं, ‘घरात जी धार काढते, तिलाही तिच्या स्वतःच्या नावाने सभासद करून घ्यावे.’ तिला ना उडवलं ना फिरवलं.

डॉक्टर माझ्या खांद्यामागून वाचत होते. “हे चेअरमननी पाहिलंय?”

“त्यांनी त्यांचा फोटो पाहिला. पुढचं बघायचं राहिलं.”

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, “अक्षर थोडं मोठं करा.”

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून दुधाच्या टेम्पोतून नेला. प्रोजेक्टर संगमनेरच्या एका कॉलेजातून मागून आणला होता. अंधार पाहिजे म्हणून खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या. अडचण आली ती व्यासपीठाची. ज्या भिंतीवर स्लाइड पडणार, तिच्याच पुढ्यात मंडळाच्या खुर्च्या. डॉक्टरांनी सुचवलं, की संचालकांनी एका बाजूला बसावं किंवा निदान खुर्च्या भिंतीकडे वळवाव्यात. चेअरमनना ते पटेना. “सभेकडं पाठ फिरवली आसं गाव म्हनंल. निवडणुका तोंडावर हायेत.” तेव्हा स्लाइड त्यांच्या डोक्यावरून वर टाकल्या, आणि ज्यांनी हा खेळ मांडला ते सगळे त्याच्याकडे पाठ करून बसले. मान वळवून बघणंही कुणाला पदाला शोभेना.

आता आमच्या सभेची रीत सांगायला हवी. सचिव विषय वाचायला लागले, की वाक्य पुरं व्हायच्या आत मागच्या रांगेतून ‘मंजूर!’ अशी आरोळी उठते आणि सगळी सभा ती उचलते. चेअरमन म्हणतात, “मंजूर, पुढं चला.” बाहेर कढईत जिलबी तळत असते, त्यामुळे चर्चेच्या भानगडीत कोणी पडत नाही. पहिली आरोळी देण्याचा मान आमच्या मामांचा. त्यांचा आवाज खणखणीत, आणि त्या आवाजाचा त्यांना अभिमान.

मी मधोमध एका बाकावर कॉम्प्युटर घेऊन बसले. आत्या आणि इतर बायका सभासद नसल्याने बाहेर व्हरांड्यात, दारातून डोकावत.

पहिली स्लाइड स्वागताची. खडखडाट करत अक्षरं उतरली. सभा चकित. मग सवयीप्रमाणे मामा गरजले, “मंजूर!” सगळे म्हणाले, “मंजूर!” स्वागत मंजूर झालं. पुढे आमच्या दिवंगत संस्थापकांचा फोटो. तो मी आदराने वरून हळूहळू खाली आणला होता, पण त्याला जोडलेला ब्रेकचा आवाज काढून टाकायला विसरले होते. संस्थापक स्वर्गातून उतरले आणि करकचून थांबले. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने पाय आखडून घेतले, व्हरांड्यातल्या बायकांनी हात जोडले, आणि संस्थापकही मंजूर झाले. मधे एक स्लाइड चुकून कोरीच राहिली होती. पांढरी भिंत बघून मामा क्षणभर अडखळले, पण कर्तव्य चुकले नाहीत. “मंजूर!” चेअरमन म्हणाले, “मंजूर, पुढं चला.” चेअरमनचा फोटो गरगर फिरत आला तेव्हा टाळ्या पडल्या. कशाला पडल्या ते न कळताच त्यांनी अर्धवट उठून नमस्कार केला.

मग सचिव शेवटची ओळ वाचायला लागले, “अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी...” मी क्लिक केलं.

“मंजूर!” मामा ओरडले.

“मंजूर!” सभा ओरडली.

“मंजूर,” चेअरमन म्हणाले आणि उठायला लागले.

पुढच्या रांगेत शाळेचे एक निवृत्त गुरुजी होते. त्यांना समोर दिसेल ते मोठ्याने वाचायची सवय. त्यांनी स्लाइड सावकाश वाचली. चेअरमननी त्या दिवसात पहिल्यांदा मान वळवली.

“ह्यो इषय कुठनं आला?”

मी पदर सावरून उभी राहिले. “ऐनवेळी आला, चेअरमन.”

“परवानगी कुनी दिली?”

“तुम्हीच आत्ता मंजूर म्हणालात.”

लोक हसले. चेअरमन हसले नाहीत. मला वाटलं, गेली नोकरी. ते म्हणाले, “आसं चालत न्हाई. ठरावाला सूचक लागतो, आन् त्यो सभासद लागतो. बोला, कोन हाय सूचक?”

सगळा हॉल आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघायला लागला. मी सभासद नव्हते, डॉक्टर नव्हते. आत्या दारात उभ्या होत्या, उंबऱ्याच्या पलीकडे. त्या मागच्या रांगेकडे बघत राहिल्या. मामा छताचे वासे बघत होते.

“न्हाई ना कोनी? मग ह्यो इषय...”

“थांबा,” मामा उठले. “पैली आरोळी कुनाची हुती?”

“तुमची,” चेअरमन म्हणाले.

“मंग सूचक मीच की. एवढ्या गावात मंजूर म्हनून बसलोय, आता मागं घिऊ व्हय?” मग जरा आवाज उतरवून म्हणाले, “आन् खरंच हाय ते. मला धार काढाया येतच न्हाई.”

हॉल हसून हसून लोळला. त्या हशातच कोणीतरी म्हणालं, “आमच्यात बी तीच काढती. अनुमोदन माझं घाला.” मग आणखी हात वर झाले. चेअरमननी हात मोजल्यासारखं केलं, निवडणुकीचा विचार केला असावा, आणि म्हणाले, “लिवा.”

ते माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. काढून टाकलं नाही, कारण मला काढलं असतं तर कॉम्प्युटर पुन्हा झाकणाखाली गेला असता. पोटनियम बदलून वरून, सहकार खात्याकडून, मंजूर होऊन यायला दिवाळी उलटली.

मग एका थंडीच्या सकाळी आत्या दुधाच्या रांगेत आल्या. मी पावती पुढे ओढली. “नाव?”

“तुला ठावं न्हाई व्हय गं?”

“ठाऊक आहे. पण नव्या सभासदाने सांगायचं असतं.”

त्या कॅनच्या झाकणाकडे बघत राहिल्या. गावात त्या कुणाच्या आई, कुणाच्या वहिनी, कुणाच्या काकू होत्या. नाव घ्यायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांनी ते सांगितलं, पण ओठांतल्या ओठांत.

“ऐकू आलं नाही,” मी म्हटलं.

दुसऱ्यांदा त्यांनी ते एवढ्या मोठ्याने सांगितलं, की बाहेर टेम्पोत कॅन चढवणारा माणूस वळून बघायला लागला. इतकी वर्षं मी त्या घरात होते, आणि आत्यांचं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. मला रडूच आलं. पावतीवरची अक्षरं पाण्यात दिसायला लागली, आणि मागून कोणीतरी खेकसलं, “ओ बाई, आमचं दूध नासंल की!”