साखरेचं कुडतं

जिवाणूंचे असले लाड करणारा माणूस अख्ख्या कळंब तालुक्यात दुसरा झाला न्हाय. आमचा मेव्हणा एकटाच. माझी बायको गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं ओसरीवर भुईमुगाची मुळं धूत बसलो होतो. मुळावरची गाठ तो नखानं फोडायचा, अन् आत लाल दिसलं की बहिणीच्या नाकाखाली धरायचा. "आक्का, बघ, कामाला लागलेत!" ती म्हणाली, "तू कधी लागतूस लग्नाच्या कामाला?"

हा हैदराबादेत मोठ्या प्रयोगशाळेत. मी चौथी नापास. मला त्यानं समजावलं ते असं: जिवाणूच्या अंगावर साखरेचं पातळ कुडतं असतं. मूळ त्या कुडत्यावरनं त्याला ओळखतं अन् आत घेतं, मग मुळावर गाठ धरते अन् त्या गाठीत बसून जिवाणू हवेतनं पिकाला खत करतो. हा पठ्ठ्या जिवाणूच्या पोटातला हुकूमच बदलायचा, मग जिवाणू निराळं कुडतं शिवायचा. "कशापायी?" म्हटलं. "दाजी, कोणत्या कुडत्याला मूळ दार उघडतं ते कळायला नको?" ती बदललेली जात तो प्रयोगशाळेबाहेर काढत नसे. आमच्या बियाण्याला चोळायला साधीच आणायचा, काळ्या भुकटीत कालवलेली. दुष्काळाची सालं, सोसायटीत खत वेळेवर मिळायचं न्हाय, म्हणून ही भुकटी. पुडी ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीत सावलीच्या बाजूला बसवायची, अन् हा स्वतः उन्हात उभा. कंडक्टरनं एकदा विचारलं, "लेकरू आजारी हाय का?" हा म्हणाला, "न्हाय, पण ऊन सोसत न्हाय त्यांना."

एकदा हिनं भिंतीतल्या देवळीतली ती पुडी मशेरी समजून दाताला लावली. हा ओरडला, "आक्का, थुंकू नको, लाखो जीव हायेत त्यात!" ही भरल्या तोंडानं म्हणाली, "मग काय दातातच पेरू व्हय?" आठ दिवस हसत होतो.

ती गेली अन् मला धास्ती एकच, आता हा कशाला येईल? बहीणच न्हाय तर दाजी कुठला. माती देऊन हैदराबादेला गेला होता, तेराव्याला परत आला, दिवसभर पंगतीत वाढत राहिला. पाहुणे पांगल्यावर मीच विचारलं, "पाव्हणं, त्या बदललेल्या कुडत्याचं काय झालं?"

"मूळ ओळखत न्हाय, दाजी. जीव तोच, पण गाठच धरत न्हाय."

पोटातलं माझ्या तोंडून गेलंच. "मग माझं कसं? माझ्या अंगावर तुमच्या आक्काचंच कुडतं होतं."

त्यानं देवळीतली रिकामी पुडी काढून झाडली. मग म्हणाला, "पुढच्या पेरणीला पुड्या किती आणू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जन्मात पहिल्यांदा पिठात हात घातला. भावाला वाटंसाठी भाकरी आजवर हीच बांधून द्यायची. माझी एक फाटली, एक करपली, तिसरी कशीबशी तव्यावरनं निघाली. तिन्ही बांधल्या, वर एक कांदा ठेवला, अन् येरमाळ्याच्या फाट्यापर्यंत त्याला सोडायला निघालो.