परवान्यावरची सही

बडोद्याच्या पोलीस खात्यात माझी उमेदीची सारी वर्षे गेली. दरोडेखोर पाहिले, खुनी पाहिले. पण अजून झोप उडते ती घडियाळी पोळ या दाट वस्तीच्या गल्लीतल्या, वैशाखातल्या एका सकाळच्या आठवणीने.

मी शिपायांची हजेरी घेत असताना तांब्याची भांडी घडवणारा एक कंसारा चौकीत आला. त्याच्या मुठीत कागदाची पुडी होती.

"साहेब, जरा जुओ तो, बघा तरी," पुडी पुढे करत तो म्हणाला. "माझ्या भट्टीपाशी भिंतीला उंदराचं बीळ आहे. त्यातून ही भुकटी गळते. काल निखाऱ्यावर पडली तर भडका उडाला."

जमादाराने चिमूटभर भुकटी फरशीवर ठेवून दुरून काडी लावली. फस्सकन जाळ उठला. बंदुकीची दारू होती ती.

भिंतीपलीकडचे घर जमादाराला ठाऊक होते. तिथे शोभेचे दारूकाम करणाऱ्या एक विधवा बाई राहत. त्यांचे सासरे सरकारी तोफखान्यात होते. मिरवणुकांतल्या आतषबाजीचे काम तेव्हापासून घरात चालत आलेले.

जमादार आणि दोन शिपाई घेऊन मी गेलो. उंबऱ्याबाहेर बूट काढले, कारण टाचेच्या खिळ्याची एक ठिणगीही पुरते. माजघरात बाईंची नणंद कागदाच्या नळ्या वळत बसली होती. आतल्या खोलीत सोऱ्याची आणि गंधकाची पोती, आणि भिंतीला लावून दारूने भरलेले चामड्याचे बुधले. मी त्या भिंतीवर हात ठेवला. ती कोमट होती. पलीकडे भट्टी पेटलेली होती आणि मधे एका विटेची जाडी.

मी हात झटकन मागे घेतला. वर माणसे, शेजारी माणसे, समोरच्या ओट्यावर बायका धान्य निवडत बसलेल्या.

"घाबरता कशाला, साहेब?" बाई म्हणाल्या. "परवाना आहे माझ्याकडे."

त्यांनी देव्हाऱ्यामागून कागद काढला. वर कचेरीचा शिक्का. खाली पोलिसांचा अभिप्राय: 'जागा समक्ष पाहिली. साठ्यास हरकत नाही.' त्याखाली माझ्या नावाची सही.

"ही सही माझी नाही. ही जागा मी आज पहिल्यांदा पाहतोय," मी म्हणालो.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. "मग आम्ही इतके दिवस कशाच्या भरवशावर इथे निजलो?"

आधी भट्टी विझवायची होती. कंसाऱ्याने पाण्याची घागर उचलली तसा मी त्याचा हात धरला. पाणी पडले की निखारे उडतात. ओली माती टाकून भट्टी दाबली. पोळमधल्या चुली विझवल्या, माणसे बाहेर काढली. मग ओल्या गोणपाटात गुंडाळलेला एकेक बुधला बैलगाडीत चढला. गाडी शहराबाहेर गोत्रीच्या मोकळ्या माळाकडे निघाली तेव्हा मी बैलांपुढे पायी चालत होतो. चाक दगडावरून घसरले की गाडी थांबवून मी बुधले तपासत होतो. दारू माळावर उतरली तेव्हा माझा सदरा पिळून काढण्यासारखा झाला होता.

आता खोटी सही करणारा हवा होता. संशय सरळ एका माणसावर गेला. कचेरीबाहेर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहिणारा एक वयस्क गृहस्थ होता. त्या काळी नवा उद्योग काढणाऱ्याला किंवा जुना वाढवणाऱ्याला राज्याकडून जागा मिळे, सल्ला मिळे; पण कोणत्या खात्यात कोणता कागद द्यायचा हे साध्या कारागिराला कुठून कळणार? तो हा माणूस सांगे. बाईंचा अर्जही त्यानेच लिहिला होता.

मी त्याला चौकीत आणले आणि उभे ठेवले. बसा म्हटले नाही.

"सरकारी परवान्यावर खोटी सही केलीस. पोळ उडाली असती तर फासावर गेला असतास!"

"साहेब, मी फक्त अर्ज लिहिला."

"बायकापोरांना रस्त्यावर आलेलं बघायचंय का?"

तो रडू लागला. मला वाटले, आता कबूल होणार. पण हुंदके देत तो एकच सांगत राहिला, "अर्ज काढून बघा, साहेब. एकदा बघा तरी."

शेवटी माझ्या कारकुनाला मी मूळ अर्ज आणायला सांगितले. त्यात स्वच्छ लिहिले होते: धंदा वाढत आहे, घरात माल ठेवणे शेजाऱ्यांच्या जिवास धोक्याचे आहे, तरी गोत्रीकडे मोकळी जागा मिळावी. जागेचे नाव त्यात गोत्री. परवान्यात मात्र पोळमधले राहते घर. सरकारनेच घर सुरक्षित ठरवले असे समजून बाई तिथेच माल ठेवत राहिल्या होत्या. आमच्याकडून गेलेल्या अभिप्रायातच ती अदलाबदल झाली होती.

कारकून खाली बघत म्हणाला, "साहेब, चूक माझी. जागेच्या रकान्यात मी अर्जदाराचा पत्ता घातला. पण त्या दिवशी आपण सावली गावच्या दरोड्याच्या तपासाला निघाला होता, घोडा दारात होता. मी म्हणालो, जागा पाहायची राहिलीय. आपण म्हणालात, 'लिही पाहिली म्हणून,' आणि सगळ्या गठ्ठ्यावर सह्या केल्यात."

मला आठवले. तो गठ्ठा, ती घाई, सगळे आठवले. सही माझीच होती.

खोलीत मी, कारकून आणि तो गृहस्थ असे तिघेच होतो. कारकून हळूच म्हणाला, "हा अर्ज गहाळ झाला तर कोण विचारणार?"

खोटे कशाला सांगू, तो कागद मी बराच वेळ हातात धरून बसलो. नोकरी डोळ्यांसमोर दिसत होती, घर दिसत होते. बुधल्यांपुढे वाटली नव्हती तेवढी भीती तेव्हा वाटली. मग मी त्या गृहस्थाला घरी जायला सांगितले, दौत ओढली आणि वरिष्ठांना खरा अहवाल लिहिला.

माझा दर्जा एक पायरी उतरला. बाईंना गोत्रीकडे जागा मिळाली आणि कारखाना उभा राहिला. पुढे न पाहिलेल्या जागेसाठी मी कधीही सही केली नाही. उन्हातून चालत जायचो, पण जायचो. हा धडा मी पुष्कळ नव्या अंमलदारांना सांगितला.

दुसरा धडा मात्र आजवर कोणाला सांगितला नव्हता. अहवाल पाठवल्यावर मी त्या अर्ज लिहिणाऱ्या गृहस्थांची माफी मागायला लिंबाखाली गेलो. जागा रिकामी होती. घरी गेलो तर त्यांच्या पत्नी दार अर्धेच उघडून म्हणाल्या, "ते आता कोणाचंच काही लिहीत नाहीत. पोलीस दिसले की आतल्या खोलीत जाऊन बसतात. तुम्ही जा, साहेब."

त्या अहवालाच्या शेवटी मी स्वतः शेरा मारला होता, 'कोणासही इजा नाही.' तेवढे वाक्य न पाहता लिहिले गेले.