पहिलं घमेलं मालकाच्या हातचं

बांधकामाच्या लाइनीत अर्धा दिवस वाट बघण्यात जातो. सळईच्या गाडीची, पाण्याच्या टँकरची, कुठल्यातरी टेबलावर अडकलेल्या सहीची. वाट बघणारी माणसं गप्प बसत नाहीत, त्यामुळे आमच्याकडे किस्से खडीच्या ढिगासारखे वाढतात. ऑफिस क्रांती चौकामागच्या गल्लीत, पण किस्से सगळे साइटवरचे आणि त्यातले निम्मेअधिक कचरू मिस्त्रींचे.

मिस्त्री मूळचे सोयगावकडचे. तीस वर्षांत या शहरात किती घरं उभी केली, ते त्यांनाही सांगता येणार नाही. स्वतः मात्र मुकुंदवाडीत भाड्याच्या दोन खोल्यांत. सावंगीकडे एक छोटा प्लॉट घेऊन ठेवलेला होता. त्यावर घर कधी होणार, असं त्यांची बायको, म्हणजे आमच्या शोभाकाकू, दर दिवाळीला विचारायच्या. मिस्त्री दर दिवाळीला सांगायचे, एवढी एक बिल्डिंग उरकू दे. काकूंनी प्लॉटच्या कोपऱ्यात लावलेला कढीपत्ता तेवढ्यात माणसाएवढा झाला.

*

मी कन्नड गावची. इंजिनिअरिंगची डिग्री आणि नवंकोरं हेल्मेट घेऊन आले आणि पहिल्याच आठवड्यात एका बंगल्याची चुन्यानं आखणी करून दिली. एकदम कॉन्फिडन्समध्ये! फक्त नकाशा उलटा धरला होता. रस्त्याकडचा जिना पार मागच्या नाल्याकडे गेला.

दहा मजुरांसमोर मिस्त्रींनी एक शब्द काढला नाही. चहाला बाजूला बोलावलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, उन्हात चुना नीट दिसत नाय. सांजच्याला एकडाव बघू."

सांजच्याला आम्ही दोघांनी मिळून सगळ्या रेषा पायानं पुसल्या. सकाळी मजुरांनी विचारलं, तर मिस्त्रींनी सांगून टाकलं की मॅडमनी घरी बसून विचार केला आणि प्लॅन सुधारला. त्या दिवसापासून साइटवर माझा वट वाढला. ती संध्याकाळ नसती, तर मी पुढच्याच एसटीनं कन्नडला परत गेले असते. हे उपकार मी कधी विसरणार नाही.

*

बायपासच्या पलीकडे एका कापसाच्या रानात आमची सोसायटी उठत होती. रान ज्यांचं होतं त्या आबांनी जमीन दिली खरी, पण रोजचा फेरा काही सोडला नाही. दहा वाजता छत्री घेऊन यायचे, पायाचे खड्डे बघायचे, हातात काळी माती घेऊन चुरायचे. ती माती कापसाला सोन्यासारखी, पण पायाला वैरी. म्हणून आम्ही ती उपसून खाली मुरमापर्यंत जात होतो आणि आबा हळहळत होते.

एक दिवस वाळूजच्या कंपनीतलं एक जोडपं फ्लॅट बघायला आलं. आमचे शेठ, ज्यांना सगळे दादा म्हणतात, त्यांना नवऱ्यानं विचारलं की या एरियात पुढं काही डेव्हलपमेंट होईल का. दादा ब्रोशर उघडेपर्यंत आबांनीच उत्तर दिलं.

"इथं काय बी लावा, येतंच!"

जोडप्यानं त्याच दिवशी बुकिंग केलं. दादांनी आबांसाठी साइटवर एक कायमची खुर्ची ठेवली, ती अजून आहे.

*

मिस्त्रींचा खरा धर्म म्हणजे क्युरिंग, म्हणजे काँक्रीटला निदान सात दिवस पाणी मारत राहणं. नळाला पाणी कधी येईल याचा या शहरात कुणालाच नेम नाही, पण मिस्त्रींचा स्लॅब कधी तहानलेला राहिला नाही. टँकर उशिरा आला, तर स्वतः हंडे वाहिले आहेत त्यांनी.

मला डेंग्यू झाला तेव्हा मिस्त्री दवाखान्यात आले. काकूंनी दिलेला मुगाच्या खिचडीचा डबा टेबलावर ठेवला. मग बराच वेळ सलाइनच्या थेंबांकडे बघत राहिले. शेवटी नर्सला विचारलं, हे किती दिवस चालणार. ती म्हणाली दोन दिवस.

मिस्त्रींना ते अजिबात पटलं नाही. "दोन दिवसानं काय होतंय, सिस्टर? कमीत कमी सात दिवस तर द्या!"

नर्स हसली, मी हसले, आणि तापात पहिल्यांदा मला भूक लागली.

*

मुलीसाठी स्थळ बघायला मिस्त्री आणि काकू कन्नडजवळच्या एका गावात गेले. माझ्याच माहितीतलं स्थळ, म्हणून मीही बरोबर होते. पोहे आले, चहा आला, मुलाकडचे काहीबाही बोलत होते. मिस्त्रींचं लक्ष भिंतीकडे. मध्येच उठले, खिशातून नाणं काढून प्लास्टरवर टकटक केलं. मग दाराच्या चौकटीला एक डोळा मिटून बघितलं. मुलाचे वडील गोंधळले.

परत येताना जीपमध्ये काकूंनी विचारलं, पोरगा कसा वाटला.

"पोराकडं बघायचं राहिलंच बग," मिस्त्री म्हणाले, "पण घर ओळंब्यात हाय."

लग्न झालं. जावई घरासारखाच सरळ निघाला, हे आमच्या सगळ्यांचं नशीब.

*

एक तक्रार मात्र मला अजून निस्तरावी लागते. उंच बायका म्हणतात, तुमच्या बिल्डिंगमधले स्वयंपाकाचे ओटे जरा खाली आहेत. मी ड्रॉइंग तपासलं, ड्रॉइंग बरोबर होतं. मग मिस्त्रींना विचारलं. ते निवांतपणे म्हणाले की कागदावरच्या मापाचा आपल्याला भरवसा नाही, त्यांनी फार वर्षांपूर्वी घरी शोभाकाकूंना उभं करून कमरेपाशी टेप धरला होता. तेव्हापासून तेच माप.

म्हणजे या शहरातल्या कितीतरी घरांतला ओटा काकूंच्या मापाचा! आणि काकूंच्या भाड्याच्या खोलीत ओटाच नव्हता. शेगडी फरशीवर, काकू पाटावर.

मी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही. "समद्या गावाला माझं माप दिलं यांनी," त्या म्हणाल्या, "मलाच तेवढं ऱ्हायलं."

मी ते दादांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिस्त्रींना बोलावलं आणि सांगितलं की चालू बिल्डिंग दोन महिने थांबली तरी चालेल, आधी सावंगीचा पाया खणा.

*

मग काय, आमची सगळी फौज सावंगीला! नकाशा मी काढला आणि सरळ धरला. सेंटरिंगवाले सलीमभाई स्लॅबच्या साच्याच्या प्लेटा घेऊन आले. ओटा मिस्त्रींनी स्लॅबच्याही आधी बांधला, तेव्हा काकूंनी त्यावर दोन्ही हात टेकवले आणि माप कमरेला लागतंय का ते बघितलं.

स्लॅबच्या दिवशी सकाळी सातलाच सगळे हजर. मिस्त्रींचा एक जुना नियम आहे. मालक कुठल्याही जातीचा असो, धर्माचा असो, पहिलं घमेलं त्याच्याच हातचं. ते पडल्याशिवाय काम पुढं सरकत नाही.

मिक्सर फिरला. पहिला माल तयार झाला. मिस्त्री वर सळयांवर उभे, हातात थापी. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मिस्त्री रस्त्याकडे बघताहेत. खालून सलीमभाई ओरडले, "क्या मिस्त्री, किसकी राह देखरे?"

मिस्त्री वैतागले. "अरे, मालक कुठंयत? माल वाळायलाय इथं. मॅडम, फोन लावा बरं त्यान्ला!"

काकूंनी पदर तोंडाला लावला. मी मोबाइल काढला आणि नंबर लावला.

वर मिस्त्रींच्या खिशात रिंग वाजली. त्यांनी हात पँटला पुसला, फोन कानाला लावला. "हां, कोण?"

"मालक," मी म्हटलं, "पहिलं घमेलं टाकायला या."

मिस्त्रींनी वरून एकदा काकूंकडे बघितलं. मग "आलो" म्हणाले. थापी खाली ठेवली, शिडीवरून उतरले. पिंपातल्या पाण्यानं हातपाय धुतले, तोंड धुतलं. काकूंच्या हातातला नवा टॉवेल खांद्यावर टाकला. आणि तीस वर्षं हात न लावता शिड्या चढलेला तो माणूस पुन्हा वर निघाला. मालक लोक चढतात तसा, एकेक पायरी बघत, दोन्ही हातांनी शिडी धरून.