न शिवता घेतलेली शपथ

खोताच्या गड्यानं नारळ काठीनं माझ्याकडे ढकलला. मी अंगणाच्या कडेला उभी. खोत ओटीवर.

गडी म्हणाला, "शिवू नको गो. परत देवळात न्यायचा हाय. वरून हात धर आन् बोल."

मी नारळाच्या वर हात धरला. वीतभर अंतर ठेवून. गडी सांगेल तसं बोलले, चिठ्ठी पिवळ्या पेटीतच टाकीन. माणसं हसत होती.

माझा नवरा पलटणीत होता. जर्मनच्या लढाईत बसऱ्याला मेला. सरकारनं कायदा केला, पेन्शनवाल्या शिपायाला आणि विधवेला मत. म्हणून आमच्या महारवाडीत मतं दोनच. एक माझं, एक म्हाताऱ्या रामामामाचं. मामा पलटणीतून पेन्शनीत आलेला, लिहिणंवाचणं शिकलेला.

गावची जमीन खोताची. शाळेच्या कमिटीत खोत. लोकल बोर्डात खोत. खाडीतली तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडीसुद्धा त्याचीच. आता मुंबईत कायदे करायला त्याचा जावई उभा होता. पिवळी पेटी त्याची. हिरवी पेटी खोती मोडा म्हणणाऱ्याची.

मताच्या दिवशी शाळेच्या दारात खोताचा कारकून बसलेला. आत पडदा. पडद्यामागं मी एकटी. जन्मात पहिल्यांदा माझ्यावर कुणाची नजर नव्हती. चिठ्ठी हिरव्या पेटीत टाकली.

जावई निवडून आला. पण आमच्या गावच्या हिरव्या पेटीत एक चिठ्ठी निघाली. गावातली बाकी मतं खोताच्याच माणसांची. खोतानं सगळी वाडी अंगणात बोलावली. रामामामाकडे बोट दाखवलं.

"शिकलेला हाच. ह्याचं शेत काढून घ्या."

मामानं मान खाली घातली. माझं नाव सांगितलं नाही. त्याला ठाऊक होतं, तरीही.

मी पुढं झाले.

"चिठ्ठी माझी. मामाची नाय."

खोत म्हणाला, "शपथ मोडलीस तू. देवाची."

"ज्या देवाच्या नारळाला शिवायचं नाय, त्याची शपथ मला कशी लागंल?"

मला वाटलं, आता मारतील. कुणी हात उचलला नाही. खोत हळूच गड्याला म्हणाला, "हिच्या घराची जागा कुणाची रं?"

"आपलीच, धनी."

एवढंच. खोत उठून आत गेला.

चार दिवसांनी माणसं आली. कौलं उतरवली, वासे काढले, भिंती पाडल्या. वाडी बघत राहिली. एका बाईनं माझी दोन भांडी उचलून आपल्या पडवीत ठेवली. तिचा नवरा तिला ओरडला. तिनं ती परत बाहेर आणली.

मी तिच्यावर रागावले नाही. भीती काय असते ते मला माहीत होतं.

पेन्शनचा कागद कमरेला खोवला आणि खाडीपलीकडच्या गावाकडे निघाले. खोताच्या तरीत मला कोण घेणार? ओहोटीला चिखलातून चालू लागले. त्या गावात पलटणीतल्यांच्या तीन विधवा होत्या. त्यांची नावं मतांच्या यादीत लागलीत का, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगणार होते.

मागं वळून पाहिलं. काठावर खोताचे दोन गडी उभे होते.

मी चालत राहिले.